कोळशाचं बी

फ्रेमवाल्याने उभ्या आयुष्यात चित्र म्हणून काही पाहिलंच नव्हतं. त्याच्या लेखी चित्र म्हणजे लांबी आणि रुंदी. लग्नाचे फोटो, पदव्या, वारलेले आजोबा, सगळ्यांना सारखाच न्याय. पण शिल्पकार बाईंचं ते भिंतभर चित्र दुकानात आलं आणि गडी कामातून गेला. कोळशाने काढलेलं एक प्रचंड बी, टचटचीत फुगलेलं, नुकतं तडकलेलं, आत मान दुमडून बसलेला कोंब.

"बाळ आहे की मूत्रपिंड?" बायकोने विचारलं. त्याला ते जिवंत आहे एवढंच कळत होतं. मापाचं निमित्त काढून तो आठवडाभर त्याच्यापुढे घुटमळला.

बाईंचे हात आता थरथरत. दगडकाम केव्हाच सुटलं होतं आणि हे चित्र शेवटचं, असं त्यांनीच सांगितलं होतं. कोळसा पक्का करायचा फवारा त्यांना चालत नसे, काळं मरतं म्हणायच्या. म्हणजे कागदावर नुसती भुकटी.

एवढ्या मापाची काच जड होईल म्हणून त्याने पहिल्यांदाच पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आणला. लाडक्या चित्रावर डागाळलेला पत्रा कसा चालेल? कोरड्या फडक्याने घासघासून त्याचा आरसा केला. मग नवरा-बायकोने दोन्हीकडून धरून तो टेबलावरच्या चित्रावर आणला. चार बोटं अंतर उरलं आणि भुकटी वर उडाली, घासलेल्या कंगव्याकडे कपटे धावतात तशी.

"थांब! हलवू नकोस!"

"हात गळून पडतायत माझे," बायको म्हणाली. "बोलाव त्यांना."

बाई आठवडाभर रोज येत तशा आजही बाहेरच स्टुलावर बसल्या होत्या. लपवता आलं असतं तर त्याने नक्की लपवलं असतं. शेवटी हाक मारली. बाई आल्या, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सरळ वर उचला."

उचलला. कोंबाची पाठ पुसट झाली होती.

"माझ्याने आता होणार नाही." बाईंनी थरथरते हात दाखवले, मग कोळशाचा तुकडा त्याच्यापुढे धरला. "तुम्ही काढा."

"अहो बाई, पट्टीशिवाय मला साधी रेघ येत नाही!"

"आठवडाभर बघत होतात, मी पाहिलंय. कुठे वळते ती पाठ?"

त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. बाईंनी तुकडा त्याच्या त्याच हातात ठेवला. कोळसा कागदाला टेकला तेव्हा त्याला रडू फुटत होतं, तरी हात खांद्यापासून फिरला.

"थोडं अजून," बाई म्हणाल्या.