भुऱ्याच्या शेजारी बसून

इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात भुऱ्या दिवसभर टेबलाखाली पसरलेला असायचा. अंगाने दांडगा, स्वभावाने गरीब गाय. कपडे न्यायला आलेली पोरं त्याचे कान ओढायची, तरी हा कुत्रा हूं की चूं करायचा नाही. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी ते पाहिलं.

"मावशी, दर गुरुवारी याला शाळेत आणाल? वाचायला बिचकणारी मुलं याला वाचून दाखवतील. हा काही चुका काढायचा नाही."

डॉक्टरांनी भुऱ्याला तपासलं, दोन महिने त्याची शिकवणीही झाली. अर्ज भरायच्या वेळी मावशी म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला, तुम्हीच भरा." चष्मा त्यांना नव्हताच. आपल्याला वाचता येत नाही हे त्यांनी वारलेल्या नवऱ्याखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणाचे कपडे कुठले, ते त्या रंगीत दोऱ्यांच्या खुणांवरून ओळखायच्या.

वाचनाच्या खोलीत भुऱ्या सतरंजीवर आडवा व्हायचा, मावशी पट्टा धरून बाजूला. तिसरीतली एक मुलगी यायची. वर्गात वाचायला उभी राहिली की तिची दातखीळ बसायची आणि मुलं फिदीफिदी हसायची. दोन गुरुवार तिने नुसती भुऱ्याची पाठ खाजवली. तिसऱ्या गुरुवारी पुस्तक उघडलं आणि चौथ्या ओळीत अडली.

"आजी, हा शब्द काय आहे?"

मावशी वेळ मारून नेणारच होत्या. पण पोरीचे कान लालभडक झालेले पाहून त्यांना खोटं बोलवेना.

"बाळा, मला वाचता येत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

मुलगी हसली नाही. सरकून जवळ आली, पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं. "हा स. हा मु. आणि ही दोन अक्षरं एकमेकांत अडकलीत."

"मग सोडवू या सावकाश."

चुकतमाकत, पुन्हा मागे जात, दोघींनी मिळून 'समुद्र' वाचला. भुऱ्याने मोठी जांभई दिली.

त्या संध्याकाळी मावशींनी बाईंना आपणहून सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, पण हलकंही वाटलं. बाईंनी त्यांना पहिलीचं पुस्तक दिलं.

वर्ष संपता संपता मुलीने वर्गात अख्खं पान वाचलं. दोनदा अडली, भुऱ्याला वाचून दाखवताना थांबायची तशी थांबली आणि पुढे गेली. मावशी आता दुकानात ओळीवर बोट ठेवून वाचत बसतात. गिऱ्हाईक ताटकळलं तर मान वर न करता म्हणतात, "जरा थांबा, एवढी ओळ होऊ दे."