बिअरच्या तंबूतली राखण

म्युनिकला बिअरचा उत्सव बघायला निघालोय, हे जळगाव जामोदच्या बसस्टँडवर उभं राहून कुणाला सांगायची आमची हिंमत नव्हती. "मुंबईले चाललो," असं तिघांनीही ठरवून सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, विमान तिथूनच होतं. तिघे म्हणजे मी, भूगोलाचा निवृत्त मास्तर, आणि माझे दोन वर्गमित्र. एकाचं बी-बियाण्यांचं दुकान, दुसऱ्याचा गावाबाहेर पानमळा. दुकानदाराचा मुलगा म्युनिकला इंजिनिअर आहे. "बाबा, एकदा या, मित्रांनाही आणा," असं तो केव्हापासून म्हणत होता.

मी तीस वर्षं पोरांकडून युरोपचा नकाशा काढून घेतला. नद्या, डोंगर, पिकं सगळं तोंडपाठ. पण तिथली माती हातात घेतली तर कशी लागते, हे मला कुणी विचारलं असतं तर मी पंख्याकडे बघितलं असतं. त्यामुळे जायची सर्वांत जास्त घाई मलाच होती.

निघायच्या आदल्या दिवशी पानमळेवाल्याच्या बायकोनं मला ओसरीवर थांबवलं. "भाऊजी, तुमच्या भरोशावर धाडून राह्यली यायले. तिथं तं समदा तोच कारभार हाय म्हणते." तिचं भिणं खरं होतं. तो अनेक वर्षं प्यायचा, आणि प्यायचा म्हणजे मळा विकायची वेळ आणण्याइतका प्यायचा. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा त्यानं सोडली. त्याला तीन वर्षं झाली होती. "मी हाव ना वहिनी," मी मोठ्या तोंडानं म्हणालो.

"तू येऊन राह्यला काऊन पण?" मी त्याला गाडीत विचारलं. विचारण्यात थोडी कुरकुरही होती, कारण माझी सुट्टी आता राखणदारीत जाणार होती.

"मले वेल पाह्यची हाय," तो म्हणाला. बिअरला कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या एका वेलीच्या फुलांमुळे, आणि ती वेल आपल्या पानवेलीसारखी आधारानं वर चढवतात, असं दुकानदाराच्या मुलानं त्याला फोनवर सांगितलं होतं. मला हे कारण फार सोयीचं वाटलं. दारू सोडलेल्या माणसाला दारूचं झाडच बघायचंय म्हणे.

पहिले दोन दिवस आम्ही शहर बघितलं. चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळात ठरल्या वेळी बाहुल्या फिरतात, ते बघायला शेकडो माणसं माना वर करून उभी होती. आम्हीही उभे राहिलो. दुकानदाराचं म्हणणं, घड्याळ पाच मिनिटं मागं आहे. ते त्याचंच पुढं निघालं. मी प्रत्येक पुलावर थांबून नदी कुठल्या दिशेनं वाहते ते तपासायचो, आणि नकाशाप्रमाणेच वाहतेय हे बघून मला उगीचच आनंद व्हायचा.

तिसऱ्या दिवशी मुलानं आम्हाला हॉप्सच्या शेतावर नेलं. तोडणी संपत आली होती, एका कोपऱ्यात चार ओळी तेवढ्या उभ्या होत्या. दोन मजले उंच खांब, वर तारा, आणि तारांपर्यंत गेलेल्या हिरव्यागार वेली. शेतकरी साठीचा, गमबूट घातलेला, आमच्यापुढे चालत होता. मागं वळून बघतो तर आमचा पानमळेवाला शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बूट काढत होता. मग मोजेही काढले आणि त्या गार चिखलात तो अनवाणी आत शिरला.

शेतकऱ्याला वाटलं, बुटात खडा गेला असेल. मुलानं त्याला समजावलं की आमच्याकडे पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, मालकसुद्धा नाही. "का?" शेतकऱ्यानं विचारलं. मुलानं तो प्रश्न पुढं ढकलला. पानमळेवाला थोडा गोंधळला. त्याला आजवर हे कुणी विचारलंच नसावं. "माहा बाप काढे, म्हणून मीबी काढतो," तो म्हणाला. "उघड्या पायानं तिथं गेलं का माणूस हळू चालते." शेतकऱ्यानं हे ऐकून मान हलवली आणि स्वतःच्या गमबुटांकडे एकदा बघितलं. ते काही त्यानं काढले नाहीत, थंडीच तेवढी होती.

मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते तासभर संपेना. वेल कुठल्या बाजूनं पीळ घेते? आपोआप चढते की बांधावी लागते? आम्ही दरवर्षी वेल खाली उतरवून मातीत गाडतो, तुम्ही काय करता? दरवर्षी कापून टाकता? मग पुन्हा मुळापासून? शेतकऱ्यानं एक फूल चोळून पानमळेवाल्याच्या तळव्यावर ठेवलं. आत पिवळी भुकटी होती. त्यानं तळवा नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच उभा राहिला. दुकानदार वेलीचे फोटो काढत होता. मी वेलीकडे बघतच नव्हतो, मी त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी अकरालाच उत्सवातल्या बिअरच्या तंबूत गेलो. तंबू कसला, आपला आठवडी बाजार आत मावेल एवढा मांडव. मधोमध वाजंत्री, लांबच लांब बाकं, चामड्याच्या हाफ पँटी घातलेले आजोबा, आणि दोन हातांत मिळून दहा काचेचे मग पोटाशी धरून पळणाऱ्या बाया. एकेका मगात लिटरभर बिअर. खायला काय, तर एकाच लांब पट्टीत गोल गोल कापलेला मुळा, त्यावर मीठ. "मुळा-मीठ खायले इतक्या दूर आलो बे," दुकानदार म्हणाला आणि दोन प्लेटी संपवल्या. मीही हौसेनं अर्धा मग मागवला. तो मिळत नाही, पूर्णच घ्यावा लागतो, हे तेव्हा कळलं.

तिथली एक रीत आहे. बाकावर जो शेजारी येईल त्याच्या मगावर मग आपटायचा, डोळ्यांत बघून, आणि त्यानंतरच प्यायचं. समोरचे आजोबा मग उचलून पानमळेवाल्याची वाट बघत थांबले. त्याचे हात रिकामे. त्यानं हसून 'थांबा' अशी खूण केली आणि उठून गर्दीत गेला. दुकानदार आणि त्याचा मुलगा नेमके तेव्हा संडास शोधायला गेले होते.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मग होता. सोनेरी, काठोकाठ. त्यानं आजोबांच्या मगावर आपटला, डोळ्यांत बघितलं, आणि लांब घोट घेतला. वहिनीचा चेहरा समोर आला. त्याला सरळ विचारायचं सोडून मी मुळा खात बसलो. थोड्या वेळानं तो वाजंत्री जवळून बघायला गेला. मग टेबलावरच होता. वास घेऊन उपयोग नव्हता, अख्खा मांडवच बिअरनं आणि भाजलेल्या कोंबडीनं घमघमत होता. मी इकडेतिकडे बघितलं, मग उचलला आणि तोंडाला लावला.

सफरचंदाचा रस होता. सोडा घातलेला.

मग खाली ठेवतोय तर तो समोर उभा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"इचारता नाही आलं तुले?" तो म्हणाला. "मी सांगतलं असतं ना बे." तो बसला, मुळ्याची पट्टी उलगडत राहिला. "माही तं सुटली तीन वर्सांआधी," तो म्हणाला. "तुमचीच सुटून नाही राह्यली."

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनीच होती, व्हिडिओ कॉल. तिकडे दुपारचे साडेतीन, मागं मळ्यातला पंप चालू. "भाऊजी, घेतली तं नाही ना त्यायनं?" वाजंत्रीमुळे फोन मोठ्यावर ठेवावा लागला होता, त्यालाही ऐकू येत होतं. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याच्यासमोर मला तसं धजेना.

"नाही वहिनी. सफरचंदाचा रस पेऊन राह्यला तो. मी त्याच्या माघारी त्याचा गिलास चाखून पाह्यला. लाज वाटून राह्यली मले."

तिनं फोन तोंडाजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "मी काय सांगू भाऊजी. मीबी रोज सकाळी त्यायचा रातचा गिलास हुंगतो. तीन वर्सं झाले. त्यायले मालूम नाही."

मला फोन कुठे लपवू असं झालं. पानमळेवाल्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि बायकोकडे बघितलं.

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "म्हणून तं मी गिलास इसळून ठेवत नाही."