बत्तीशीमामीचं दुसरं काम

माझ्या मामीला सगळे बत्तीशी म्हणतात. एक तर ती कवळ्या करायची, आणि दुसरं म्हणजे हसली की अगदी अक्कलदाढेपर्यंत हसायची. हे नाव कुणी पाडलं असं विचारलं की मामा खिडकीबाहेर बघायला लागतो. म्हणजे त्यानंच पाडलेलं असणार.

तिची कामाची जागा म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक लांबट खोली. एका भिंतीला ओटा, त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, कोपऱ्यात पॉलिशची मोटर, तिच्याशेजारी मेण जाळायची छोटी भट्टी, आणि सगळ्यावर पिठाच्या गिरणीत असतो तसा पांढरा थर. पुढं डॉक्टर माप घ्यायचे आणि मधल्या खिडकीतून साचा आत सरकवायचे. माणूस मामीला कधी दिसायचा नाही, पण त्याचा चावा तिला पाठ असायचा. जबडा हातात घेऊन ती म्हणायची, "हे गृहस्थ उजवीकडूनच चावतात. डावीकडे दुखतंय, पण घरी सांगत नाहीत." किंवा, "ही बाई झोपेत दात खाते. कुणावर खाते कोण जाणे!"

माझे वडील लवकर गेले. त्यानंतर आई भावाकडे, म्हणजे मामा-मामीकडेच राहिली. मी तिथंच वाढले. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की मामाला स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायचं. आईचे पुढचे दात पडले तेव्हा मामीनंच तिला प्लेट करून दिली, आणि तीही कशी, तर आईचा मूळचा एक दात किंचित वाकडा होता, तसाच वाकडा बसवून. "सरळ केला असता तर मी हिला ओळखलंच नसतं," म्हणाली.

आईनं शेवटचा श्वास हॉस्पिटलात घेतला. नर्सनं तोंडातली प्लेट काढायला हात पुढं केला, तर मामीनं तिचं मनगट धरलं.

"राहू द्या. बिनदातांची ती कधी कुणासमोर गेलेली नाही. आता कशाला जाईल?"

नर्सनं हात मागं घेतला.

मग एका चौकोनी डब्यात आईची राख घरी आली. डबा कुठं ठेवावा ते कुणालाच सुचेना. शेवटी मामीनं तो आईच्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवला आणि तिथं कुणाला बसू देईना. मी कुठंतरी वाचलं होतं, की राखेचा खडा करून दागिन्यात बसवून देणारी एक कंपनी आहे. राख कुरिअरनं पाठवायची, दागिना कुरिअरनं परत येतो. मी हे भीत भीत सांगितलं.

"पार्सल?" मामी म्हणाली. "माझ्या नणंदेचं पार्सल? लिफ्टमध्ये जीव घाबरायचा तिचा, आणि तू तिला खोक्यात कोंबून विमानात टाकणार?"

"मग काय करू?"

"मी करते. हिरड्या करते, दात करते, खडा काय आभाळातून पडतो?"

पण आईच्या राखेला हात लावायच्या आधी तिनं सराव करायचं ठरवलं. लाकडाची राख घेतली, ती काळी पडली. खडूची पूड घेतली, ती तळाशी जाऊन बसली. मग तिच्या लक्षात आलं, की माणसाची राख म्हणजे मुख्यतः हाड. ती उठली आणि खाटकाकडून हाडं घेऊन आली. भट्टीत ती हाडं जाळली त्या दिवशी पुढचे पेशंट नाकाला रुमाल लावून बसले आणि डॉक्टर खिडकीतून हात जोडून उभे राहिले. मामा शेजाऱ्यांना सांगत फिरला, "आधी नुसते दात करायची. आता एकेक करत पूर्ण माणूस करणार आहे."

कितीतरी खडे वाया गेले. कवळीच्या हिरड्या ज्यापासून होतात तेच ॲक्रिलिक ती वापरायची, फक्त बिनरंगाचं, काचेसारखं. पण राख हवेतला ओलावा पिऊन बसायची आणि बुडबुडे धरायची. मग ती आधी राख भट्टीशेजारी उबेला ठेवून कोरडी करायला लागली. एक पातळ थर ओतायचा, तो बसला की वर चिमटीनं राख भुरभुरायची, मग दुसरा थर. सगळा साचा दाबाच्या भांड्यात ठेवायचा. आपला कुकर असतो तसंच ते भांडं, आत कोमट पाणी आणि हवेचा दाब. दाब असला की बुडबुडे चिरडून जातात आणि खडा नितळ होतो. शेवटी पॉलिश.

आईची पाळी आली तेव्हा मला बोलावलं. राख बारीक करायला मशीन होतं, पण ते तिनं बाजूला सारलं. छोटा खल घेतला आणि हलक्या हातानं घोटायला लागली. मध्येच थांबली. बत्ता उचलून खलात डोकावली. चिमट्यानं काहीतरी उचलून दिव्याखाली धरलं. काळी पडलेली, सुईएवढ्या जाडीची, आकड्यासारखी वाकलेली एक तार होती.

"अगं, ही तर माझीच तार!" ती म्हणाली. आईच्या प्लेटची आकडी, जी शेजारच्या दाताला धरून बसते ती. स्मशानातल्या भट्टीतूनही टिकली होती. "वाकवलीय कशी बघ. अशी मीच वाकवते. दुसऱ्या कुणाला जमत नाही."

आणि ती हसायला लागली. तोंडभर, नेहमीसारखी. हसता हसता खल पोटाशी धरला आणि खाली बसली. मी पहिल्यांदा मामीला रडताना पाहिलं, आणि हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

आईचं लंबगोल लॉकेट झालं. आत धुक्याची एक रेघ असावी तसं. मी ते घालून ऑफिसला गेले, कुणीतरी विचारलं, आणि एकाचे दोन, दोनाचे चार करत लोक दवाखान्याच्या मागच्या दाराशी यायला लागले.

मामी त्यांना आधी स्टुलावर बसवायची. डबी लगेच हातात घ्यायची नाही. विचारायची, "हसायच्या कशा त्या?" किंवा "हसायचे कसे ते?" एवढंच. लोक राखेबद्दल, आजाराबद्दल, दवाखान्याबद्दल बोलायची तयारी करून आलेले असायचे. या प्रश्नाची तयारी कुणाचीच नसायची. मग कुणी नक्कल करून दाखवायचं, कुणी म्हणायचं, "बाबा हसायचेच नाहीत हो, नुसते खांदे हलायचे." ते सगळं ऐकून झालं की मामी हात पुढं करायची. दोन्ही.

असाच एक ट्रक ड्रायव्हर आला. दारात उभा राहिला तर खोलीतला उजेड कमी झाला, एवढा थोरला. हातात पावडरची छोटी डबी. बायको गेली होती, आणि मागं राहिलेलं सगळं नातेवाइकांनी पाण्यात सोडून दिलं होतं. ही चिमूटभर मुलीनं लपवून ठेवली म्हणून उरली होती.

"अंगठी करा," तो म्हणाला. "माझ्या बोटात येईल अशी."

मामीनं त्याचा पंजा उलटासुलटा करून पाहिला. "अंगठी नको. स्टिअरिंगला घासून घासून चार दिवसांत आंधळी होईल."

"मग किल्लीला लावायचं काहीतरी?"

"बायकोला किल्लीला लटकवणार? आणि गाडी चालू करायला रोज तिचा कान पिळणार?"

तो खळखळून हसला, आणि आपण हसलो हे कळताच त्याचा हात तोंडावर गेला. मग म्हणाला, "कान तीच पिळायची, माझा. पोट सुटलंय, बटणं तुटतात. प्रत्येक बटण लावताना बोलणी खायची मी."

"मग बटणच करू," मामी म्हणाली. "छातीवरचं. मागं दांडी बसवते, म्हणजे या शर्टाचं काढून त्या शर्टाला लावता येईल."

सगळं नीट चाललं होतं. पण दाबाच्या भांड्याची रबरी रिंग कडक झाली होती. बदलायला हवी, बदलायला हवी असं मामी कितीतरी दिवस म्हणत होती. त्या दिवशी ती रिंग हवा सोडत राहिली, दाब उतरला, आणि बटण बाहेर आलं ते पावाच्या तुकड्यासारखं, पांढरं, भोकाभोकांचं. डबी रिकामी होती. होतं नव्हतं ते सगळं त्या बटणात.

मामा तिला डबा द्यायला आला होता. त्याची नजर फळीवरच्या बरणीकडे गेली. सरावाच्या हाडांची पूड अजून तिच्यात होती. "नाही, म्हणजे..." तो म्हणाला, "दिसायला तर सारखंच दिसतं..."

मामीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही, मी आपलं म्हटलं," मामा म्हणाला आणि डबा ठेवून निघून गेला.

तिनं ड्रायव्हरला फोन केला. फोनवर काही सांगितलं नाही, फक्त "या" म्हणाली. तो आला तेव्हा तिनं ते बटण त्याच्या तळहातावर ठेवलं. "बिघडलं. चूक माझी आहे. रिंग जुनी झाल्याचं मला माहीत होतं."

त्यानं बटण मुठीत मिटून घेतलं. मग त्यानं दुसरी मूठ ओट्यावर अशी आपटली, की प्लॅस्टरचे सगळे जबडे खडखडले. "एवढीच होती माझ्याकडे! एवढीच!"

मामी हलली नाही. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "एक मार्ग आहे, पण तो तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. या भट्टीत हे वरचं ॲक्रिलिक सगळं जळून जातं, मागं काजळीसुद्धा राहत नाही. हाडाच्या राखेला मात्र काही होत नाही. ती एकदा आगीतून गेलेलीच आहे. तुमची तुम्हाला जशीच्या तशी परत मिळेल. मग पुन्हा नवं करता येईल."

"म्हणजे तिला पुन्हा जाळायचं?"

"हो. आणि तुम्ही नको म्हणालात तर हे असंच घेऊन जा. मी मान खाली घालून राहीन."

तो स्टुलावर बसला. स्टूल करकरलं.  पुढच्या खोलीत डॉक्टर कुणाला तरी आ करायला सांगत होते.

"घाटात दरड कोसळली होती," तो एकदम म्हणाला. "मी पलीकडे अडकलो. पुढं रस्ता नाही, मागं गाड्यांची रांग. घरच्यांनी थांबून थांबून शेवटी अंत्यविधी उरकून घेतला. त्यांचा दोष नाही. मी पोचलो तेव्हा दारात तिच्या चपला होत्या, बस. सगळे सांगतात, असं झालं, तसं झालं, चेहरा शांत होता. मी काय पाहिलं? मी ट्रकचा आरसा पाहिला." तो थांबला. मग त्यानं भट्टीकडे बोट केलं. "मला इथं उभं राहता येईल?"

मामीनं मोटर बंद केली. रेडिओ बंद केला. ॲप्रन झटकला, केस नीट केले. चिनी मातीची छोटी वाटी त्याच्यापुढं धरली, त्यानं बटण तिच्यात ठेवलं. लांब चिमटा तिनं त्याच्याच हातात दिला.  मामीनं आपला तळहात त्याच्या मनगटाखाली धरला, टेकवला मात्र नाही. वाटी आत गेली.

ही भट्टी हळूहळू तापवावी लागते, घाई केली तर सगळं उडून जातं. दुपार सरली. तो उभाच होता, म्हणून मामीही उभी राहिली, गुडघे बोलत असूनही. तो मधूनमधून बोलत होता. एकदा बायकोला ट्रकमधून लांब घेऊन गेला होता, तर तिनं वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्यानं वाचली, आणि याचं डोकं उठलं. झाकणाच्या भोकातून लाल उजेड दिसायला लागला तसा तो वाकला, तोंड जवळ नेलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगायला लागला. मामी तडक मोरीशी गेली, नळ पूर्ण सोडला आणि धुतलेल्याच वाट्या पुन्हा धुवायला लागली. त्याचं बोलणं त्याच्यापाशीच राहावं म्हणून. मीही तिच्या शेजारी जाऊन वाट्या पुसत राहिले.

गार झाल्यावर वाटीच्या तळाशी राख होती. करडी, स्वच्छ, चिमूटभर.

नवं बटण नितळ उतरलं. मामीनं त्याआधी रिंग तर बदललीच, भांडंसुद्धा दोनदा रिकामं चालवून पाहिलं. तो न्यायला आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पण त्याच्या जाड बोटांना ती दांडी काही काजात घालता येईना. शेवटी मामीनंच लावून दिलं. "पोट आत घ्या," म्हणाली, "नाहीतर ही पण बोलेल."

जाताना तो दाराशी वळला. "बिघडलं ते बरं झालं, बाई," एवढंच म्हणाला.

मामी त्यावर खूश झाली असेल असं मला वाटलं होतं. नाही झाली. "त्याला बरं वाटलं हे त्याचं मोठेपण," ती म्हणाली. "रिंग माझीच होती."

आता कवळ्यांचं काम तिनं सोडलंय. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. हे दुसरं काम मात्र चालू आहे, भिंग लावलेल्या दिव्याखाली, आठवड्यातून एखादं. परवा एक निवृत्त शिक्षिका आल्या, ताठ मानेच्या, कडक. डबी ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "मांजर आहे. हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या."

मामाला हसू आवरेना. तो अलीकडे तिच्या सोबतीला तिथंच बसून असतो. "आता मांजरंसुद्धा?"

"का? तीस दात असतात मांजराला," मामी म्हणाली. "तुमच्यापेक्षा जास्तच."

मग तिनं शिक्षिकाबाईंना स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसली आणि विचारलं, "रागावायची कशी ती?"

शिक्षिकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि सांगायला सुरुवात केली.