निखिलच्या दंडाचं क्रीम

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. गेल्या महिन्यात माझे दोन्ही हात गेले होते. म्हणजे, मला तरी तसंच वाटलं.

आमच्या निखिलच्या दंडावर 'सोनल' गोंदलेलं आहे. कॉलेजातलं प्रकरण. सोनल केव्हाच कॅनडाला गेली, नाव तेवढं विक्रोळीत राहिलं. आता त्याचं पूर्वाशी जमलंय आणि पूर्वाने साफ सांगितलं, "हे नाव काढायला सुरुवात झाल्याशिवाय साखरपुडा नाही." म्हणून घाटकोपरला लेझर करायचं ठरलं.

"दुखेल का रे?" मी विचारलं.

"काय दुखतंय? गोंदताना मी वडापाव खात होतो."

दवाखान्यातून बधिर करायचं क्रीम दिलं होतं. तासभर आधी जाड थर द्यायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं. आता मला सांगा, क्रीमचा थर देऊन कोणी तसाच ठेवतं का? बाम असो, तेल असो, आपण चोळून जिरवतो. आणि माझं पोर काय उरलेली कणीक आहे, प्लास्टिकात गुंडाळायला? तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी त्याचा दंड मांडीवर घेतला आणि अख्खी ट्यूब दोन्ही हातांनी रगडून जिरवली. दंड नुसता चकचकीत.

रिक्षात माझ्या बोटांना मुंग्या आल्या. घाटकोपर येईपर्यंत हात आहेत की नाहीत तेच कळेना. पर्सची चेन उघडेना. आमच्या आत्याला अर्धांगवायू झाला तेव्हा असंच झालं होतं. पण बोलले नाही. आज पोराचं काम, त्यात आपलं कुठे काढायचं? मनात म्हटलं, यंदा गणपतीत मोदक ह्यांनाच वळावे लागणार.

आत सगळ्यांना काळे चष्मे दिले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्रीम लावून तास झाला ना?"

"झाला की," मी म्हटलं.

लेझर टक् करून वाजलं आणि निखिल गुरासारखा ओरडला. "आई गं! उकळती फोडणी उडाली!"

पुन्हा टक्. त्याने माझा हात असा पिळला की दोन बांगड्या फुटल्या. मी ढिम्म.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "ताई, लागलं ना तुम्हाला?"

"नाही हो. माझे हात गेलेत. आधी त्याचं आटपा, मग माझं बघा."

त्यांनी माझ्या बोटांना चिमटे काढले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "क्रीम कोणी लावलं?"

"मीच. चांगलं जिरवलं."

"हो, पण कोणात?"

निखिल घामाघूम होऊन पडल्या पडल्या म्हणाला, "म्हणजे बधिर तू झालीस आणि जळलो मी?"

संध्याकाळी पूर्वा आली तोवर माझे हात परत आले होते. चहा घेता घेता तिने सगळं ऐकलं. "गोंदण्यापेक्षा जास्त दुखलं?"

"दसपट," निखिल कण्हला. "आणि अजून पाच-सहा वेळा जायचंय."

पूर्वाने त्याच्या दंडावरच्या 'सोनल'कडे शांतपणे पाहिलं. दंड लाल होऊन सुजला होता, पण अक्षरं अजून वाचता येत होती. मग दवाखान्याने पुढच्या वेळेसाठी दिलेली नवी ट्यूब उचलून माझ्या हातात दिली.

"काकू, पुढच्या वेळीही तुम्हीच लावा. असंच, जिरवून."