अडुळसा, हळद आणि आमचे सर

बुलढाणा जिल्ह्यात आमच्या सरांनी ज्याच्या पाठीला कान लावला नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो अकोल्याहून आलेला पाव्हणा असेल. सर फार्मसी कॉलेजात संशोधन करतात आणि मी त्यांच्या हाताखाली शिकतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी कोणी न विचारताही सांगतो. सरांनी मात्र पहिल्या दिवशी माझी मार्कशीट बाजूला सारली. "पाठ फिरव. घे श्वास." मग मान हलवली. "इंजन चांगलं हाय. ये उद्यापासून."

सरांना अडुळशातून औषध काढायचं आहे. "अडुळसा तर आमची आजी खोकल्याला द्यायची," असं कोणी म्हटलं की ते उसळतात. "खोकला अलग, आन् फुफ्फुसाले आग लागणं अलग! रोग मरून जाते, पण त्याले मारायले आलेली आंगातली फौज थांबत नाही, घरच जाळते. त्या फौजेले समजावणारं औषध पाह्यजे मले." या नादात धामणगाव बढे गावच्या एका लग्नात ते ऐन मंगलाष्टकांत कुंपणात शिरले आणि अक्षता अडुळशाच्या झुडपावर टाकून आले. मेहकरच्या बसस्टँडवर बकरीने त्यांची पाल्याची पिशवी फस्त केली, तर हे तिच्याच पाठीला कान लावून बसले. बकरीवाली म्हणाली, "ओ मास्तर, बकरी पाह्यली नाही का कधी?" "थांब ना बाई, हिचा श्वास ऐकू दे!" तेवढ्यात बस गेली. प्रयोगशाळेतल्या उंदरांचीही ते रोज विचारपूस करतात, "काऊन बे, आज जेवला नाही?"

मागच्या उन्हाळ्यात कॉलेजचं दळायचं यंत्र बिघडलं. सरांना धीर कुठला? वाळलेला पाला घेऊन ते थेट मसाले दळणाऱ्या चाचांच्या चक्कीवर. त्या पाल्याच्या अर्काने उंदरांच्या फुफ्फुसांची सूज अशी उतरली की कॉलेजभर जिलेबी वाटली गेली. शोधनिबंध पाठवायचा तेवढा राहिला होता. शेवटची खात्री म्हणून सरांनी अर्कातले घटक वेगळे करून पाहिले आणि पुटपुटले, "हे पिवळं कोणाचं रे?" आम्ही चक्कीवर धावलो. चाचा खुशीत म्हणाले, "हल्दी के बाद आपका पाला डाला ना सर! रंग कैसा आया?"

सर तिथेच पोट धरून हसले. कॉलेजात एक जण म्हणाले, "जाऊ द्या ना, सूज तर उतरली." तेव्हा मात्र सर हसले नाहीत. "हळदीची कमाई अडुळशाच्या नावावर लावू? उद्या खरा माणूस श्वासासाठी तडफडला, त्याले नुसता अडुळसा देला, तर?" सगळा निकाल त्यांनी स्वतः रद्द केला आणि खलबत्ता घेऊन बसले. वर्षभर आमच्या तासांना त्या ठोक्यांचीच साथ होती.

परवा नवा निकाल आला. सूज उतरली, पण थोडीच. सरांनी जिलेबी मात्र दुप्पट आणली. "थोडी हाय, पण अडुळशाची हाय!"

सरांच्या घरी जिलेबी वाढता वाढता त्यांच्या बाईसाहेबांनी मला हळूच सांगितलं, कोरोनात सरांचे मोठे भाऊ दवाखान्यात होते. भेटायची बंदी. फोन लागायचा, पण भावाला बोलवत नव्हतं, आणि सर नुसता श्वास ऐकत बसायचे. तो थांबला तेव्हाही फोन कानालाच होता.

त्याच संध्याकाळी गावी निघालो तर सर म्हणाले, "पाठ फिरव. घे श्वास." मी गरजेपेक्षा जरा मोठाच घेतला आणि त्यांनी कान उचलेपर्यंत हललो नाही. बस गेली.