जीवराम तांबटाचा डबा

एरंडोलच्या तांबट गल्लीत ठोक्यांचा आवाज आता एकाच घरातून येतो. ते घर उखर्डू तांबटाचं. वय सत्तरीच्या आसपास. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईने जन्मल्या दिवशी त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि मरणाला किळस येईल असं नाव दिलं. मरण फसलं. माणसंही फसतात, हे त्याला पुढे धंद्यात कळलं.

तो पितळेचे दागिन्यांचे डबे करतो. घुमटासारखं झाकण, पुढे कोयंडा, आत बांगड्यांचा एक कप्पा आणि नथ-पोतीचा एक. पूर्वी नवरीबरोबर असा डबा जायचा. आता तिच्याबरोबर लोखंडी कपाट जातं, आणि डबे शहरातल्या लोकांना दिवाणखान्यात मांडायला हवे असतात. मात्र ते जुने हवे असतात. खरे जुने डबे कधीच मोडीत निघाले. म्हणून उखर्डू डबा आधी नवा करतो आणि मग जुना करतो.

नवसागराचं पाणी लावून डबा परसातल्या शेणखताच्या खड्ड्यात पुरायचा. तीन आठवड्यांनी तो काळपट हिरवट होऊन निघतो. एवढं कुणीही करेल. उखर्डूचं काम त्यानंतर सुरू होतं. झाकण उचलताना बाईचा उजवा अंगठा जिथे टेकतो, तेवढीच कड तो ओल्या वाळूने घासून गुळगुळीत करतो. कुलपाच्या भोकाभोवती बारीक ओरखडे काढतो, कारण तिन्हीसांजेला किल्ली पहिल्यांदा चुकतेच. बिजागरीत तेलात कालवलेलं कुंकू भरतो. एका कोपऱ्याला पोचा पाडतो. कुठल्या बाईच्या हातून कधी डबा पडला असेल, हे तो ठोका मारण्याआधी थोडा वेळ मनात ठरवत बसतो. अशा न जन्मलेल्या कितीतरी बायका त्याच्या हाताखालून गेल्या आहेत.

हा माल जळगावला प्रेमराज शेठच्या दुकानात जातो. शेठची अट एकच. दुकानात आलं की नानांनी, म्हणजे उखर्डूने, तोंड उघडायचं नाही.

उखर्डूचे वडील जीवराम, घरच्यांचे आबा, यांनी आयुष्यभर हेच डबे केले, खरे, वापरायचे. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत आहे. मामाचं नाव, आत्याचं नाव, सप्रेम भेट, तारीख. जीवरामने छिन्नीने टिंबं टिंबं मारून हजारो नावं घातली. घडवणाऱ्याचं नाव घालायची रीत नाही. जीवराम गेला तेव्हा पालिकेच्या दाखल्यावर त्याचं नाव जयराम असं लिहून आलं. ते बदलायला कुणी गेलं नाही.

यंदा श्रावण सरताना शेठचा फोन आला. महामार्गावर एक मोठं हॉटेल होतंय, तिथल्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात खान्देशातले जुने डबे मांडायचे आहेत. पुण्याहून कामिनी नावाच्या बाई निवडायला येणार. "आणि नाना, प्रत्येक डब्याखाली पाटी राहणार. कुठला, केव्हाचा, माहीत असेल तर घडवणाऱ्याचं नावसुद्धा."

उखर्डूने फोन ठेवला आणि देवघराखालचा डबा बाहेर काढला. हा एकच खरा उरला होता. जीवरामने बायकोसाठी केलेला. त्या वर्षी पत्रा मिळत नव्हता, म्हणून दोन फुटक्या परातींचे तुकडे जोडून त्याने झाकण केलं होतं. सांधा आतून बोटाला लागायचा. उखर्डूला डबा विकायचा होता असं नाही. त्या पाटीवर बापाचं नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो डबा कायमचा द्यायला तयार होता.

निघायच्या आदल्या दिवशी तो चिंचेचं पाणी आणि विटेची भुकटी घेऊन अंगणात बसला. बायको भिकुबाई दारातून बघत होती.

"इतला काय घासतस? लगीन शे का डबानं?"

"आबानी बनाडेल शे. असा काया डबा कसा लई जाऊ? लोके काय म्हनतीन?"

"ज्या डबा तुम्ही खड्डामाईन काढी देतस, त्या काय गोरा ऱ्हातस?"

"तो माल शे," उखर्डू म्हणाला.

तांबटाच्या घरातून कळकट भांडं लोकांकडे जाणं म्हणजे नाक कापलं जाणं. हे त्याच्या हाडात होतं. विकत घेणाऱ्याला काय हवं असतं हे अख्ख्या जिल्ह्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल, पण दुपारभर ते त्याच्या मनाला शिवलंही नाही. ऐंशी वर्षांचा काळपटपणा चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेला. संध्याकाळी डबा सोन्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शेठच्या माडीवर अकरा डबे मांडलेले होते. सगळे उखर्डूचे. कामिनीने प्रत्येक हातात घेऊन पाहिला आणि एकापाशी थांबली. तो आषाढात पुरलेला डबा होता.

"हा बघा," ती म्हणाली. "या कडेवर कुणाचा तरी अंगठा पन्नास वर्षं टेकलाय. अशी झीज खोटी करता येत नाही."

शेठने गंभीरपणे मान हलवली. उखर्डूने आपली पिशवी उघडली.

"बाई, हा बघा. माझ्या वडिलांनी केलेला. जीवराम तांबट."

कामिनीने डबा उजेडात धरला. डब्याचा झगमगाट तिच्या चेहऱ्यावर पडला. ती हसली, कुणाला दुखवायचं नसताना माणूस हसतो तशी.

"सुंदर आहे, काका. पण हा नवा आहे."

"नवा नाही. मी घासला काल."

"काका, रोज हेच बघते मी. जुनं पितळ असं नसतं."

"नानांचा हात अजून चालतो ना," शेठ घाईने म्हणाला, "म्हणून गंमत करतात." आणि त्याने उखर्डूकडे असं पाहिलं की पुढचं सगळं त्यात आलं. जुनं पितळ कसं असतं, हे उखर्डू तिला सांगू शकत होता. मग ते अकरा डबे कसे झाले तेही सांगावं लागलं असतं. शेठचं दुकान, घरातली चूल, सगळं ते एक वाक्य न बोलण्यावर टेकलेलं होतं. आणि सांगूनही बापाचं नाव लिहिलं गेलंच असतं, असं नव्हतं.

कामिनी तिच्या निवडलेल्या डब्याकडे वळली. "याचा घडवणारा माहीत नाही, असंच लिहू ना?"

"तो जीवराम तांबटाचा आहे," उखर्डू म्हणाला.

शेठने श्वास सोडला. "हां, विसरलोच मी. नानांच्या वडिलांचाच तो."

"काय सांगता! मग आधी का नाही बोललात?" तिने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "जीवराम तांबट, एरंडोल. पितळ. अंदाजे एकोणीसशे चाळीस. बरोबर?"

"बरोबर. जयराम नको व्हायला. जीवराम."

"नाही होणार." ती खूश होती. तिने दोन्ही डबे शेजारी ठेवले, पिशवीतल्या डब्याचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. "काका, रागावू नका. तुमचं काम चांगलंच आहे. पण हा सांधा बघा, तुकडे जोडून भागवलंय. वडिलांच्या डब्यात असं कुठे सापडत नाही. त्यांचा हात वेगळाच होता."

"व्हय," उखर्डू म्हणाला. "त्यांचा वेगळाच होता."

एसटीत त्याने पिशवी मांडीवर घेतली होती. घरी पोहोचला तर भिकुबाई वाटच बघत होती.

"नाव लिखं का?"

"लिखं."

"काय लिखं?"

"जीवराम तांबट, एरंडोल."

तिने समाधानाने मान डोलावली आणि पिशवी उचलायला वाकली. ती जड लागली. आत पाहून ती तशीच उभी राहिली.

"मंग हाऊ डबा घर कसा उना? नाव कोनता डबावर लिखं?"

"मन्हा डबावर."

डबा पुन्हा देवघराखाली गेला, तिथल्या अंधारात एकटाच चकाकत राहिला.

आठ दिवसांनी सकाळी शेठचा फोन आला. बाईंनी फोटो पुढे पाठवले होते. पुण्यात एकांना तसेच दोन डबे हवे होते. जुने, जीवराम तांबटाच्याच हातचे. दिवाळीच्या आत.

उखर्डू पत्रा मापायला बसला.

"कोन व्हतं फोनवर?" भिकुबाईने चुलीपासून विचारलं.

"गिऱ्हाईक."

"कोनं गिऱ्हाईक? शेठनं?"

"आबानं," तो म्हणाला आणि कात्री पत्र्याला लावली.