लातूरचा मित्र

पगाराविषयी इतक्या मनापासून, इतक्या नेमाने आणि इतक्या चवीने कुरकुर करणारा माणूस ठाणाकुशनूरच्या पंचक्रोशीत आमच्या डॉक्टरसाहेबांआधी झाला नाही, आणि पुढे होईल असं मला तरी वाटत नाही. सरकारी दवाखान्यात ते रुजू झाले तेव्हा मी तिथल्या मराठी शाळेत नुकताच लागलो होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी पगार विचारला, आणि तो ऐकून "म्हंजे तुमीबी आमच्यातलेच की, गुर्जी," म्हणत चहा पाजला. त्यांचं अक्षर त्यांच्या कंपाउंडरलाही लागत नसे, म्हणून पगारवाढीचे अर्ज सुवाच्य उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. वर्षाला दोन-तीन अर्ज तरी व्हायचे. उत्तर एकाचंही आलं नाही. अर्जाचा शेवट मात्र ठरलेला असे: दाद न लागल्यास मी लातूरला माझ्या मित्राच्या खासगी दवाखान्यात निघून जाईन.

ह्या मित्राच्या नावाने सुरुवातीला आम्ही धास्तावायचो. आसपास दुसरा डॉक्टर नव्हता, आणि उदगीरची बस पकडेपर्यंत दुखणं काही थांबत नाही. पण वर्षांमागून वर्षं गेली, साहेब काही हलले नाहीत आणि मित्र काही दिसला नाही. हळूहळू गावाने त्याला थापांत जमा केलं. "तुमचा त्यो मित्र बरा हाय का?" म्हणून चिडवण्यात मी सगळ्यांत पुढे होतो, हेही सांगून टाकतो.

दवाखान्यामागच्या पडीक जागेत त्यांनी भाजीचा मळा केला होता. "ह्या पगारात मानूस न्हाई जगत गुर्जी, मेथी जगती," असं म्हणत ते वाफ्यांना पाणी सोडायचे. अर्धी औषधं तिथूनच निघत. चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली "पालक, रोज, दोन्ही जेवणांत" असं लिहून जुडी हातात द्यायचे. एका म्हाताऱ्याने तक्रार केली, "डॉक्टरसाब, पाला तर म्हशीबी खातेत. आमाला सुई टोचा." साहेबांनी विचारलं, "म्हशीला कधी चक्कर आल्याली बघितलास का?" म्हातारा जुडी घेऊन घरी गेला. बियाणंही ते वाटायचे, आणि त्याच्या पुड्या आमच्या अर्जांच्या कच्च्या कागदांच्या असत. सरकारने न वाचलेले अर्ज अशा रीतीने सगळ्या तालुक्यात पोचले.

मला साखरेचा आजार निघाला तेव्हा तर ते ऐन जेवायच्या वेळी घरी येऊ लागले. "वहिनी, गुर्जींचं ताट दाखवा." एकदा मी गुळाचा खडा भाकरीखाली दडवला. त्यांनी भाकरी उचलली, गूळ स्वतःच्या तोंडात टाकला आणि मला दोडक्याची भाजी वाढायला सांगून निघून गेले. मी आज हे लिहायला शिल्लक आहे तो त्या माणसाच्या पाळतीमुळे.

एका वर्षी पगारासाठी सगळ्या सरकारी डॉक्टरांनी संप केला. साहेबांना कोण आनंद! दंडाला काळी फीत लावून ते मळ्यात चटई टाकून बसले. सकाळीच भीमनगरातली शांताक्का जुलाबाने मलूल झालेली लेक कडेवर घेऊन आली.

"अक्का, आज संप हाय. दवाखान्यात पाऊल टाकायचं न्हाई मला."

"मग कामून टाकायलाव? हितंच बघा की!"

साहेबांनी कंपाउंडरला पेटी आणायला सांगितली. दुपारपर्यंत वांग्याच्या सऱ्यांतून रोग्यांची रांग लागली होती. पोरगी संध्याकाळी उठून बसली. संप मोडला नाही, पण कोथिंबिरीचे दोन वाफे पार तुडवले गेले. पुढच्या अर्जात त्यांनी कोथिंबिरीचीही भरपाई मागितली.

निवृत्त होऊन ते लेकीकडे गुलबर्ग्याला निघाले तेव्हा बसपाशी सगळं गाव जमलं होतं. त्यांनी माझ्या हातात एक पुडी ठेवली. "दोडका हाय. लावा, खावा." मी नेहमीच्या सवयीने सगळ्यांदेखत म्हटलं, "आता तरी जा की मित्राकडं!" ते हसले. "आता कशाला घेतोय त्यो मला?"

पुढे माझी कोहिनूर गावच्या शाळेत बदली झाली आणि पुडी ट्रंकेतच राहिली. साहेब गेल्याची बातमी आली त्या दिवशी ती आठवली. उघडली, तर कागद आमच्या अर्जाचा नव्हता. वर लातूरच्या दवाखान्याचं छापील नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: "मित्रा, पाचव्यांदा विचारतो आहे. पगार तुझ्या तिप्पट देईन, राहायला घरही बघून ठेवलं आहे. ह्या खेपेला तरी वांगी फुलावर आल्याची सबब सांगू नकोस. तुझं गाव तुला सोडत नाही की तू गावाला, एकदा स्पष्ट कळव."

मला फार लाज वाटली. माफी मागायची तर माणूस राहिला नव्हता. बी लावलं. जुनं झालेलं, तीनच वेल आले. पहिला दोडका उतरला त्या दिवशी बायकोने भाजी वाढली, आणि मी भाकरीखाली काहीही न लपवता जेवलो.